घोडामैदान लांबच असू दे

माझी आजी एक कोडं घालायची. भाकरी का करपली? पान का सडलं? घोडा का अडला? तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच : न फिरवल्यामुळे. मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकानं हे कोडं कधी ना कधी ऐकलेलं असतं. पुढं मी बँकेत अधिकारी झालो. ग्राहक मेळाव्यात भाषण करायची पाळी आली की मी त्यात पदरचा चौथा प्रश्न घालत असे. पैसा का आटला? न फिरवल्यामुळे. टाळी हमखास पडायची. बँकवाला विनोद करतो, याचंच लोकांना नवल वाटत असावं.

गेल्या दीड वर्षात मात्र या कोड्यातल्या घोड्याविषयी माझ्या मनात शंका उभी राहिली आहे. भाकरीचं आणि पानाचं ठीक आहे. पण घोडा कधीकधी फिरवल्यामुळेही अडतो. वेळेआधी फिरवला, तर कायमचा अडतो. हे मला एका सोळा वर्षांच्या मुलीनं शिकवलं. खरं तर ते मला चाळीस वर्षांपूर्वीच शिकता आलं असतं, पण तेव्हा मी शिकलो नाही. ती हकिगतही पुढं सांगणार आहे, कारण ती सांगितल्याशिवाय या विषयावर मत देण्याचा मला अधिकार पोचत नाही.

ही मुलगी म्हणजे माझी नात. पुण्यात राहते आणि घोड्यावरून अडथळे पार करण्याच्या, म्हणजे शो जंपिंगच्या स्पर्धांत भाग घेते. आमच्या घराण्याचा घोड्याशी संबंध आला तो लग्नाच्या वरातीपुरता. तेव्हा हे वेड जावयाकडून आलं असं माझं म्हणणं. आणि असली वेडं कादंबरीकाराच्या घरातूनच येतात, असं जावयाचं. असो. तिचा घोडा मल्हार हा मूळचा रेसकोर्सवरचा. आपल्याकडच्या रायडिंग क्लबांत असे पुष्कळ घोडे असतात. शर्यतीच्या दृष्टीनं ते निकामी झालेले असतात, पण वयानं तरुणच असतात. त्यांना नवं काम शिकवायला दोन-दोन वर्षं जातात. मल्हारला नातीनं आणि तिच्या प्रशिक्षकांनी मिळून शिकवलं होतं. एक मीटर दहा सेंटिमीटरच्या गटात ती दोघं चांगली उतरत होती आणि सगळ्यांच्या नजरा वरच्या गटाकडं लागल्या होत्या.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, सरावाच्या एका उडीनंतर मल्हार खाली आला आणि पुढची तीन पावलं त्यानं वेगळी टाकली. मी कठड्याशी उभा होतो. मला काही कळलं नाही. नातीला कळलं. ती तिथंच खाली उतरली आणि त्याला चालवत तबेल्यात घेऊन गेली. संध्याकाळपर्यंत पुढच्या डाव्या पायाची मागची बाजू, गुडघ्याच्या खाली, केळ्यासारखी बाक घेऊन फुगली होती.

इथं घोड्याच्या पायाविषयी थोडं सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यावरच उभं आहे. आपण ज्याला घोड्याचा पुढचा गुडघा म्हणतो, ते खरं तर त्याचं मनगट. त्याच्याखाली आहे तो पंजा, आणि खूर म्हणजे मधल्या बोटाचं नख. पाचेकशे किलोंचं जनावर अशा चार बोटांच्या टोकांवर उभं असतं. त्या मनगटाखाली मांस जवळजवळ नाहीच. स्नायू मनगटाच्या वर, आणि तिथून खाली येणाऱ्या, दोरखंडासारख्या कंडरा. सईस लोक त्यांना नस म्हणतात. घोडा धावतो, उडी मारून खाली येतो, तेव्हा या कंडरा रबरासारख्या ताणल्या जातात आणि पुन्हा आखडतात. त्याच्या वेगाचं रहस्य त्यात आहे. पण निसर्गानं इथं शिल्लक फार ठेवलेली नाही. भरधाव घोड्याची ही कंडरा आपल्या ताकदीच्या अगदी कडेवर काम करत असते. त्या कडेपलीकडं गेली की आतले धागे तुटतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर तिथं एक काळं भोक दिसतं. मल्हारच्या पायात ते मी पाहिलं.

हाड मोडलं तर निदान मोडलेलं दिसतं. कंडरेचं दुखणं कपटी असतं. तिला रक्तपुरवठा बेताचा, म्हणून भरून यायला वेळ लागतो. तुटलेल्या धाग्यांच्या जागी जो नवा भराव येतो तो मूळच्यासारखा लवचिक नसतो. रफू केलेल्या धोतरासारखं ते असतं. पुन्हा फाटतं ते बहुधा रफूच्या कडेला. हा भराव पक्का व्हायला नऊ महिने ते वर्ष लागतं, कधी त्याहून अधिक. आणि मेख अशी, की दुखायचं त्याच्या फार आधी थांबतं. काही आठवड्यांत सूज उतरते. दोन-तीन महिन्यांत घोडा लंगडायचा थांबतो. दाणा खातो, खिंकाळतो, मोकळा सोडला तर उधळतो. बघणाऱ्याला वाटतं, गंगेत घोडं न्हालं. घात होतो तो याच दिवसांत, जेव्हा घोडा बरा दिसतो आणि बरा नसतो.

आपल्याकडं अशा पायाला तापल्या लोखंडाचा डाग देण्याची जुनी रीत होती. युरोपातही होती. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात झालेल्या अभ्यासातून दिसलं, की त्या डागानं कंडरा काही लवकर भरून येत नाही. मग इतकी वर्षं गुण कसला येत होता? अनेक पशुवैद्यांचं मत असं, की डाग दिल्यावर जनावराला सक्तीनं काही महिने बांधून ठेवावं लागे. गुण त्या महिन्यांचा होता. माणसाला नुसतं थांबायला सांगितलं तर तो थांबत नाही. काहीतरी जालीम केलं आहे, असं वाटलं तरच थांबतो.

मात्र नुसतं बांधून ठेवणं हाही उपाय नाही. नवे धागे सरळ रेषेत बसावेत म्हणून त्यांच्यावर थोडा थोडा ताण यावाच लागतो. म्हणजे आजीचं कोडं अगदीच खोटं नाही. फिरवायचं, पण हातात दोरी धरून, सपाट जमिनीवर, दहा मिनिटं. काही दिवसांनी पंधरा. मग पाठीवर बसून नुसती चाल. मग दुडकी, तीही मोजून. मधून मधून सोनोग्राफी. मी नातीला एक जुन्या वळणाची लांबट वही दिली आणि रकाने आखून दिले. बँकेत सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय येणार? तारीख, किती मिनिटं, कसली जमीन, आणि शेवटचा रकाना : पाय ऊन की गार. आत काही बिनसलं तर लंगडण्याच्या आधी पाय ऊन लागतो, म्हणून रोज सकाळी तळहात लावून बघायचं. तिच्या वयाच्या मुली ज्या वेळी मोबाईलवर बोटं फिरवतात, त्या वेळी ही घोड्याच्या नळीवरून हात फिरवत बसलेली असे.

ऑक्टोबरमध्ये सोनोग्राफी झाली. काळं भोक भरलेलं दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, चित्र चांगलं आहे. नोव्हेंबरात निवडचाचणी होती, वरच्या गटाची. इथून पुढं आमच्या घरात जे झालं ते घोड्यांच्या प्रत्येक घरात होत असावं. कोणीही तिला सक्ती केली नाही. प्रशिक्षक म्हणाले, बघ, तुझा निर्णय. पण या वयोगटातलं हे तुझं शेवटून दुसरं वर्ष. जावई म्हणाले, इतका खर्च झाला आहे. मुलगी म्हणाली, तिचं मन मोडायला नको. आणि मी? मीही म्हणालो, “डॉक्टर हो म्हणाले आहेत, तर एकदा उतरून बघायला काय हरकत आहे?”

ती म्हणाली, “आजोबा, डॉक्टर हो नाही म्हणाले. चित्र चांगलं आहे म्हणाले. परवा जरा जास्त पळवला, तर काल सकाळी पाय ऊन होता. विश्वास नसेल तर उद्या चला आणि हात लावून बघा.”

हात लावून बघा. हे शब्द मी पूर्वी एकदा ऐकले होते.

१९८६ साल. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेत फील्ड ऑफिसर होतो. नोकरीला चारच वर्षं झालेली. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. म्हशी, शेळ्या, शिवणयंत्रं, टांगे, सगळ्यांना कर्ज आणि वर सरकारी अनुदान. एका टांगेवाल्याचं खातं माझ्याकडं होतं. सगळा गाव त्यांना चाचा म्हणे. मीही म्हणत असे. टांगा आणि घोडी, दोन्ही बँकेला नजरगहाण. म्हणजे वस्तू कर्जदाराच्या ताब्यात राहते, बँकेची तिच्यावर फक्त नजर. नोकरीभर मी हा शब्द हजारदा लिहिला. त्याचा अर्थ किती नेमका आहे हे फार उशिरा कळलं. नजर असते, हात नसतो.

फेब्रुवारीच्या अखेरीस चाचा शाखेत आले. घोडीच्या पुढच्या पायाची नस सुजली होती. डाग देऊन महिना-दोन महिने बांधून ठेवायला हवी, तोवर हप्ते थांबवा, एवढंच मागणं. मी त्यांना नियम सांगितला. दोन हप्ते आधीच थकलेले. मार्च तोंडावर आलेला. मुदत वाढवायची तर जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला, मग अर्ज, मग प्रस्ताव, मग विभागीय कार्यालयाची मंजुरी. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कागुद आनतो की सायेब. पन घोडी भाईरच हुबी हाय. तुमी सोता हात लावून बगा. पाय निस्ता तव्यावानी तापलाय.”

मी बाहेर गेलो नाही. टेबलावर फायलींचा ढीग होता हे खरं, पण ते कारण नव्हतं. हात लावला असता तर मला कळलं असतं. आणि एकदा कळल्यावर मला वसुलीचं बोलता आलं नसतं.

मार्च संपायच्या आत चाचांनी दोन्ही हप्ते भरले. यात्रेचा आणि लग्नसराईचा हंगाम होता. टांगा दिवसरात्र चालला असणार. खातं नियमित झालं. त्या वर्षी वसुलीबद्दल मला वरून शाबासकीचं पत्रही आलं. एप्रिलमध्ये एसटी स्टँडच्या उतारावर, भरल्या टांग्यासकट घोडी बसली ती पुन्हा उभी राहिली नाही. दुसऱ्या दिवशी चाचा आले. आरडाओरडा नाही, दोष देणं नाही. नजरगहाण मालाचं काही बरंवाईट झालं तर बँकेला कळवायचं असतं, तसं ते कळवायला आले होते. म्हणाले, “सायेब, तुमची घोडी गेली.”

पुढं पत्रव्यवहार झाला, रक्कम निर्लेखित झाली, माझी बदली झाली. चाचा स्टँडवर हमाली करू लागल्याचं नंतर ऐकलं. मी आजवर पाच कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत तालुक्याची गावं आहेत, बँकेच्या शाखा आहेत, मार्चअखेरीची धावपळ आहे. चाचा कुठंही नाहीत. नातीनं ‘हात लावून बघा’ म्हटलं, तेव्हा मला ते का नाहीत हे कळलं. मी तिला म्हणालो, “चाचणी सोड. घरी मी बोलतो.” आणि बोललो. तोवर मी ही गोष्ट घरातही कोणाला सांगितली नव्हती.

हे सगळं सांगायचं कारण, मला आता जे म्हणायचं आहे ते. स्पर्धेची तारीख हाही एक हप्ताच असतो. तो ज्यानं ठरवला त्यानं घोड्याच्या पायाला हात लावलेला नसतो. आणि तो चुकला तर काय, ही भीती माणसाला आधी स्वतःशी आणि मग जनावराशी खोटं बोलायला लावते.

जागतिक पातळीवरही हेच दिसतं. बंगळुरूच्या फवाद मिर्झानं २०१८च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत इव्हेंटिंगमध्ये रौप्यपदक मिळवलं, तेव्हा १९८२ नंतर पहिल्यांदाच अश्वारोहणातलं वैयक्तिक पदक आपल्याकडं आलं. त्याचा घोडा होता सिन्यॉर मेडिकॉट. त्यानंतर हा घोडा जखमी झाला आणि स्पर्धेपासून दूर राहिला. मिर्झानं ऑलिंपिकची पात्रता मिळवली ती दुसऱ्या घोड्यांवर. पुढं टोकियोचं ऑलिंपिक महामारीमुळं वर्षभर लांबलं. साऱ्या जगाला ते वर्ष वैऱ्याचं गेलं. पण एखाद्या बऱ्या होणाऱ्या पायाला त्या वर्षानं उसंतच दिली असेल. २०२१मध्ये मिर्झा टोकियोत उतरला तो मेडिकॉटवरच. घोड्याचं वय तेव्हा १५. ड्रेसाजच्या टप्प्यानंतर तो नवव्या स्थानावर होता. शेवटी तेविसावा आला. आपल्याकडं पदक न आल्याची हळहळ झाली. मला त्या तेविसाव्या स्थानाचं मोल अधिक वाटतं. जखमी घोडा बरा होऊन अंतिम फेरीपर्यंत जातो आणि चार पायांवर घरी परततो, यामागं कोणीतरी पुष्कळ वेळा ‘आज नको’ म्हटलेलं असतं. त्या नकारांची नोंद कुठल्या गुणफलकावर होत नाही.

त्याच टोकियोत, समुद्राकाठच्या त्याच क्रॉस-कंट्रीच्या मार्गावर, स्वित्झर्लंडचा जेट सेट नावाचा चौदा वर्षांचा घोडा शेवटच्या टप्प्यात लंगडू लागला. खुराच्या वरचा अस्थिबंध तुटला होता आणि तो जुळण्यापलीकडचा होता. त्याला शांतपणे मरण द्यावं लागलं. त्यात कोणाची चूक होती असं मी म्हणत नाही. सगळी काळजी घेऊनही हे घडू शकतं. म्हणूनच, जिथं काळजी घेणं आपल्या हातात असतं तिथं ती न घेणं अक्षम्य होतं.

टोटिलास या घोड्याचं नाव ड्रेसाजच्या जगात दंतकथेसारखं घेतलं जातं. २०१०च्या केंटकीच्या जागतिक स्पर्धेत त्यानं तीन सुवर्णपदकं मिळवली. नंतर मालक बदलला, स्वार बदलला, दुखापती झाल्या. दीर्घ खंडानंतर २०१५मध्ये आखेनच्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत तो परतला, तेव्हा त्याची पावलं सारखी पडत नाहीत हे प्रेक्षकांनाही दिसत होतं. माघार घ्यावी लागली आणि कारकीर्द तिथंच संपली. याच्या उलट उदाहरण २०१६च्या रिओ ऑलिंपिकचं. हॉलंडच्या आडेलिंडा कॉर्नेलिसेनचा पार्झिव्हल हा घोडा आदल्या दिवशी तापानं आजारी होता. ती मैदानात उतरली, थोडं पुढं गेली, घोड्याचं आज काही खरं नाही हे तिला जाणवलं आणि मध्येच थांबून, पंचांना अभिवादन करून ती बाहेर पडली. उतरलीच कशाला, असं म्हणणारेही होते आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण ऑलिंपिकच्या मैदानात मध्येच लगाम खेचणं किती जणांना जमेल?

कोणी म्हणेल, घोड्याला स्वतःलाच धावायला आवडतं. आवडतं, यात शंका नाही. पण घोडा हे मुळात शिकार होणारं जनावर आहे. कळपात जो दुखणं दाखवतो तो आधी वाघाच्या तोंडी जातो, हे त्याच्या रक्तात भिनलेलं आहे. तो दुखणं लपवतो आणि मोडक्या पायानंही धावतो. त्याच्या उत्साहाला संमती समजणं ही आपली सोय आहे. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीनं ‘हो’ म्हणायला कोणीही पुढं येतं. ‘नाही’ म्हणायला एखाद्यानं पुढं यावं लागतं.

म्हणून काही गोष्टी व्हायला हव्यात, असं मला वाटतं. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत घोड्यांना कडक जमिनीवर पळवून, पंच आणि पशुवैद्य त्यांची चाल तपासतात. चाल समान नसेल तर घोडा बाद. आपल्याकडच्या क्लबांच्या लहानसहान स्पर्धांतही हे झालं पाहिजे, आणि तपासणारा डॉक्टर मालकाच्या किंवा क्लबाच्या पैशावर अवलंबून नसावा. बँकेत कर्ज मंजूर करणारा आणि त्याची तपासणी करणारा एकच माणूस ठेवत नाहीत. तेवढं शहाणपण घोड्याच्याही वाट्याला यावं. वेदनाशामक देऊन घोडा उतरवण्याला आंतरराष्ट्रीय नियमांत मनाई आहे. पण तो नियम पाळायची पाळी सरावाच्या मैदानावर, कोणी बघत नसताना येते. निवड समित्यांनी जखमी घोड्याच्या स्वाराला संधीची मुदत वाढवून द्यावी. मिर्झाकडं पात्रतेसाठी दुसरे घोडे होते. ज्याच्याकडं एकच घोडा आहे त्यानं काय करायचं? आणि शेवटचं, पालकांना : परतलेला घोडा खालच्या गटात उतरवणं ही नामुष्की मानू नका. ताप उतरलेल्या मुलाला आपण आधी पेज देतो, श्रीखंडपुरी नाही.

हे मूठभर सुखवस्तूंचं दुखणं आहे, असंही कोणी म्हणेल. खर्च पाहता तो आरोप मला मान्य आहे. पण प्रश्न त्यांच्यापुरता नाही. मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवला. घाटाघाटांवर आता शर्यती होतात, बक्षिसं लागतात. मला शर्यतींचा आनंद समजतो. माझं आजोळ खेडमधलं. पण ज्या बैलाचा पाय गेल्या हंगामात मुरगळला होता, तो या हंगामात गाड्याला जुंपायचा की नाही, हे कोण ठरवतं? कागदावर तपासणीच्या अटी आहेत. दाखलेही मिळतात. दाखल्याचं काय होतं ते मी चाळीस वर्षांपूर्वी पाहिलं आहे.

आपल्या परंपरेत याचं उत्तर नाही असं नाही. १६७०च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या आपल्या लष्करी अंमलदारांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही धक्का लागू नये, हा त्या पत्राचा गाभा आपण नेहमी सांगतो. पण त्याच पत्रात घोड्यांचीही काळजी आहे. दाणागवत आताच उधळून संपवाल, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, आणि मग ती तुम्हीच मारली असं होईल, असं त्यांनी बजावलं आहे. पावसाला दोष नाही, दैवाला नाही. ज्याच्या हातात जनावर सोपवलं, जबाबदारी त्याची. हे मी प्रथम वाचलं तेव्हा नोकरीतून निवृत्त झालो होतो, आणि मला चाचांचा ‘तुमची घोडी गेली’ हा निरोप आठवला होता.

यंदाच्या मार्चमध्ये, दुखापतीला तेरा महिने झाल्यावर, मल्हार पुन्हा स्पर्धेत उतरला. गट होता ऐंशी सेंटिमीटरचा. बाकीची मुलं दहा-बारा वर्षांची. त्यांच्यात आमची उंच मुलगी जरा विजोडच दिसत होती. एकानं विचारलंही, “ताई, तू इथं कशी?” सातव्या अडथळ्याचा दांडा पडला. वेळही जास्त लागला. फेरी संपल्यावर तिनं फलकाकडं पाहिलं नाही. खाली उतरली, हातमोजा काढला आणि पायावरून हात फिरवला. नववा की दहावा नंबर आला. मलाही आता नीट आठवत नाही.

खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी असतो, हे एव्हाना मला कळलं होतं. सहाच्या सुमारास मी तिच्याबरोबर तबेल्यात गेलो. सईस खरारा करत होता. ती म्हणाली, “आजोबा, आज तुम्ही बघा.” या वयात खाली वाकायला मला जरा वेळ लागतो. मल्हारनं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा गवताकडं वळला. मी त्याच्या नळीवर मागच्या बाजूनं तळहात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला.

मग वही मागून घेतली आणि शेवटच्या रकान्यात माझ्या अक्षरात नोंद केली. पाय : गार.